लाल डोऱ्याच्या आतली खोली

चंदीगडला चाललोय म्हटलं की लातुरात पहिला प्रश्न येतो, ‘तिथं देव कुठला?’ आमच्याकडं सुट्टीतला लांबचा प्रवास म्हणजे तिरुपती, काशी, जगन्नाथपुरी. घरात नवीन लग्न झालेलं असेल तर फार तर मनाली. नुसत्या इमारती बघायला एवढं लांब जाणं अजून पचत नाही. स्टाफरूममध्ये मी खरं कारण सांगून बघितलं. एक बाई म्हणाल्या, ‘इमारती? कोणाच्या?’ आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा पेपर तपासायला लागल्या.

मामांनी त्यांच्यापुरता तोडगा काढला. पुढं अमृतसर आहेच आणि चंदीगडजवळ चंडीमातेचं देऊळ आहे, त्यावरूनच गावाला नाव पडलंय, असं त्यांनी भावकीत सांगून टाकलं. दोन्ही गोष्टी खऱ्याच आहेत. मामा आयुष्यभर गवंडी होते. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून परांचीवर चढणं बंद झालंय, पण कुणाच्या घरी गेले तरी आधी भिंतीवरून हात फिरवतात, मग माणसाला रामराम करतात. असा माणूस सोबत असला की इमारती बघायला पुस्तकं वाचून जायची फार गरज राहत नाही.

मला चंदीगड बघायचं होतं, कारण मी कागदावर आखलेल्या गावात वाढले. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. आमच्याकडच्या घरांच्या दगड-मातीच्या रुंद भिंती आणि डोक्यावर माळवदाच्या मातीचा भार. माणसं झोपेत होती तशीच त्याखाली गेली. त्याबद्दल मी इथं जास्त लिहिणार नाही. पुढं लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतली पन्नासेक गावं जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवली, त्यातलं एक आमचं. नवं गाव म्हणजे काटकोनात आखलेले रस्ते, रांगेतली एकसारखी घरं, दारावर नंबर. घर केवढं, हे जमिनीवरून ठरलं. भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, मधल्यांना 450, मोठ्या शेतकऱ्याला 750. रस्ते एवढे रुंद की समोरच्या दारातल्या बाईशी बोलायचं तर ओरडावं लागायचं. झाड एकही नाही. पार नाही. दुपारी बायकांनी धान्य निवडायला बसायचं कुठं, ह्याची सोय नकाशात कुणी केलेली नव्हती. मामांनी त्या बांधकामावर काम केलं. स्वतःच्या 250 फुटांच्या घराच्या स्लॅबचा माल त्यांनीच ओतला.

तर असं एक अख्खं शहर देशात आहे, तेही ले कॉर्बुझिए ह्या जगातल्या नावाजलेल्या वास्तुकारानं आखलेलं, आणि त्यातल्या काही इमारती जागतिक वारसा म्हणून मिरवतात, हे कळल्यापासून ते डोक्यात होतं. मे महिन्याची सुट्टी, दोघांचं मिळून बेताचं बजेट, आणि सचखंड एक्स्प्रेस.

सचखंडबद्दल थोडं सांगितलंच पाहिजे. नांदेडहून अमृतसरला जाणारी ही गाडी. आम्ही परभणीला धरली. स्लीपरचं तिकीट हजाराच्या आत. वाटेत परभणी, जालना, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर), भोपाळ, दिल्ली अशा ठिकाणी सेवेकरी बादल्या घेऊन येतात आणि गाडीतल्या माणसांना लंगर वाढतात. कोण कुठल्या धर्माचा, कुठं उतरणार, कुणी विचारत नाही. ताट-वाटी तेवढी आपली लागते. माहीतगार मंडळी घरून स्टीलची ताटं आणि डबे घेऊनच चढतात आणि स्टेशन जवळ आलं की ती हातात धरून दाराशी उभी राहतात. मामींनी दिलेली धपाट्यांची चळत आणि शेंगदाण्याची चटणी होतीच. समोरच्या बर्थवरच्या तरनतारनच्या आजींनी त्यातलं एक धपाटं खाल्लं, चटणीनं डोळ्यांत पाणी आणलं आणि पुन्हा मागून घेतली. आम्ही ताटात कढी-भात घेतला. दोन दिवसांच्या प्रवासात जेवणावर आमचा खर्च झाला तो चहाचा.

अंबाला कँटला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरलो. बसस्टँड स्टेशनच्या समोरच. तिथून चंदीगड 45 किलोमीटर. खोली आधीच फोनवर ठरवली होती, सेक्टर 52 मधल्या कजहेरीत. चंदीगडमध्ये स्वस्तात राहायचं तर लोक दोन पत्ते सांगतात, एक सेक्टर 22 आणि दुसरा हे कजहेरी, सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडजवळचं. ऑटोतून येताना सगळीकडं रुंद रस्ते, चौकाचौकांत गोल बगिचे, रांगेत झाडं. मग ऑटो एका वळणावर आत शिरली आणि एकदम गल्ली आली. वायरींची जाळी, तीन-चार मजली अरुंद इमारती, प्रत्येकीवर गेस्ट हाउसची पाटी, खाली मोबाइलचं दुकान, पराठ्याचा तवा, एक म्हैस. मामांना रात्री झोप छान लागली. कूलरचं पाणी मात्र आपणच भरायचं होतं.

हे शहर का बांधावं लागलं, तर फाळणीमुळं. लाहोर पाकिस्तानात गेलं आणि पूर्व पंजाब राजधानीशिवाय उरला. आधी काम दिलं होतं अमेरिकन नगररचनाकार अल्बर्ट मेयर यांना, त्यांच्या जोडीला पोलिश वास्तुकार मॅथ्यू नोवित्स्की. 1950 मध्ये नोवित्स्की विमान अपघातात गेले. मग मुख्य अभियंता पी. एल. वर्मा आणि प्रशासक पी. एन. थापर हे दोन अधिकारी युरोपात वास्तुकार शोधत फिरले. मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू हे इंग्रज दांपत्य मिळालं, ले कॉर्बुझिए मिळाले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे चुलतभाऊ पिएर जेनेरे. मेयर यांच्या आराखड्यातले वळणदार रस्ते कॉर्बुझिएंनी सरळ केले. एक सेक्टर साधारण 800 बाय 1200 मीटरचा. त्यात शाळा, दुकानं, बाग, दवाखाना. रोजच्या गरजेला बाहेर पडायला नको. मोठे रस्ते सेक्टरच्या बाहेरून.

नकाशावर हे फार शहाणं दिसतं. पायी निघालेल्या माणसाला त्याचं दुसरं अंग कळतं. मोठ्या रस्त्याकडं घरांची पाठ आहे. सगळी दारं आतल्या बाजूला. त्यामुळं रस्त्यानं चालताना एका हाताला भिंत, दुसऱ्या हाताला गाड्या, आणि पुढचा चौक किलोमीटरभर लांब. चहा प्यायचा तर सेक्टरच्या पोटात शिरावं लागतं, तिथला बाजाररस्ता शोधावा लागतो. गाडीवाल्याला हे जाणवणारही नाही. मामा दर पाच मिनिटांनी गुडघा चोळत विचारायचे, ‘ह्या गावात माणसं ऱ्हातेत कुठं?’

पण बसायला जागा होती, हेही सांगायला पाहिजे. मी तर म्हणेन की शहर पारखायचं असेल तर थोडे पैसे घेऊन जावं. खिसा गरम असला की माणूस एसी गाडीतून एसी हॉटेलात जातो आणि सगळी शहरं त्याला सारखीच दिसतात. पैसे कमी असले की फुकट काय मिळतं तिकडं लक्ष जातं: सावली, बाक, प्यायचं पाणी, मुतारी, आणि ‘उठा इथून’ असं न म्हणणारा वॉचमन. चंदीगड ह्या परीक्षेत सावलीच्या विषयात पहिलं येतं. ऊन लातूरच्या तोडीस तोड होतं, पण रस्त्याच्या कडेची झाडं एवढी वाढलेली की कितीतरी अंतर आम्ही उन्हाचा थेंब अंगावर न घेता चाललो. एका रस्त्याला एका जातीची झाडं, असं तिथं ठरवून लावलेलं आहे. बहावा फुलला होता. त्या रस्त्यावर आइस्क्रीमच्या गाडीवाल्यापासून हायकोर्टाच्या वकिलापर्यंत सगळ्यांच्या डोक्यावर पिवळा सडा.

ह्या झाडांमागं एक माणूस आहे, महिंदरसिंग रंधावा. आयसीएस अधिकारी, पण शिक्षणानं वनस्पतिशास्त्रज्ञ. कुठल्या रस्त्याला कुठलं झाड, कधी फुलेल, सावली किती देईल, ह्याचा विचार करणाऱ्या समितीचं काम त्यांनी सांभाळलं आणि 1966 मध्ये ते चंदीगडचे पहिले मुख्य आयुक्त झाले. सेक्टर 16 मधली गुलाबबागही त्यांचीच कल्पना. शहर बघून आलेले लोक काँक्रीटचे फोटो दाखवतात, पण मेच्या दुपारी ते शहर राहण्याजोगं ठेवतात ती रंधावांची झाडं.

कॅपिटॉल कॉम्प्लेक्स सेक्टर 1 मध्ये, शहराच्या डोक्याशी, मागं शिवालिकच्या टेकड्या. सचिवालय, विधानसभा आणि उच्च न्यायालय. 2016 मध्ये सात देशांतल्या कॉर्बुझिएंच्या 17 कामांपैकी एक म्हणून हे युनेस्कोच्या यादीत गेलं. आपल्या मनानं आत फिरता येत नाही. ओळखपत्र दाखवून नाव नोंदवायचं आणि ठरलेल्या वेळी गाइडबरोबर जायचं. फी लागली नाही. बंदोबस्त मोठा आहे, कारण 1995 मध्ये मुख्यमंत्री बिअंतसिंग यांची हत्या ह्याच सचिवालयाच्या दाराशी झाली. शिवाय 1966 पासून पंजाब आणि हरियाणा अशी दोन राज्यं ह्याच इमारती वाटून वापरतात. दोन भावांनी वाटणी केलेल्या वाड्यात पाहुण्यानं जपून पावलं टाकावीत, तसं तिथं फिरावं लागतं.

मामांनी सचिवालयाच्या भिंतीला हात लावला आणि थांबले. ही इमारत जवळजवळ अडीचशे मीटर लांब. भिंतीला प्लास्टर नाही. काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या रेघा, लाकडाच्या गाठी, दोन फळ्यांच्या फटीतून बाहेर आलेल्या मालाच्या बारीक कडा, सगळं जसंच्या तसं. मामांनी एका गाठीवर अंगठा ठेवून मला दाखवलं. ‘फळी रंधलेली न्हाई. आन इथं बघ, ह्या फळीपस्तोर एका दिवसाचा माल. इथनं फुडं दुसऱ्या दिवशीचा.’ खरंच तिथं एक पुसट आडवी रेघ होती आणि खालीवर रंगात किंचित फरक. पासष्ट-सत्तर वर्षांपूर्वी कुठल्या तरी संध्याकाळी काम तिथं थांबलं होतं.

‘प्लास्टर का केलं नाही?’ त्यांनी गाइडला विचारायला लावलं. गाइड तरुण मुलगी होती, वास्तुशास्त्र शिकणारी. तिनं सांगितलं की कॉर्बुझिएंना काँक्रीट असं उघडंच हवं होतं. मामा जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘म्हंजे सेंट्रिंगवाल्याला लपायला जागाच ठिवली न्हाई.’ आमच्याकडं वाकडं-तिकडं झालेलं सगळं प्लास्टरच्या पोटात जातं. कॉलम ओळंब्यात नसेल तर एका अंगाला जाड थर चढवायचा, झालं. इथं सुताराची फळी हीच शेवटची भिंत. गाइडनं मामांचं ते वाक्य हिंदीत करून घेतलं आणि वहीत लिहिलं.

आणि मग विधानसभा. छतातून वर निघालेला तो कमरेत आवळलेला प्रचंड मनोरा बघून मामा मोठ्यानं म्हणाले, ‘आगं, हे तर आपलं परळीचं थर्मल!’ लातूरहून परभणीला येताना परळी लागते, तिथले कूलिंग टॉवर आम्हाला लहानपणापासून पाठ. मी जरा ओशाळून गाइडला सांगितलं, तर ती खूश झाली. कारण ते खरंच तसं आहे. अहमदाबादच्या वीजकेंद्राचे कूलिंग टॉवर कॉर्बुझिएंच्या नजरेत भरले होते, त्यावरून त्यांनी सभागृहाचा हा आकार घेतला. आमदार त्या मनोऱ्याच्या तळाशी बसतात, उजेड वरून येतो. मामांनी शांतपणे विचारलं, ‘मग ह्याची राख कुठं टाकतेत?’ परळीकडच्या माणसाला हा प्रश्न सुचणं साहजिक आहे. गाइडला मी तो भाषांतर करून सांगितला नाही.

विधानसभा आणि न्यायालय ह्यांच्यामधलं अंतर मात्र मला खटकलं. मधे अफाट काँक्रीटचं मैदान. त्यात सावल्यांचा मनोरा आहे, सूर्याची चाल अभ्यासून केलेला, कुठल्या दिशेनं ऊन कसं अडवायचं हे दाखवणारा. न्यायालयाचं छत मोठ्या छत्रीगत वर उचललेलं, खाली वारा खेळायला मोकळी जागा, पुढं हिरवा, पिवळा, लाल असे तीन भव्य खांब. इमारतीत सूर्याचा एवढा विचार केलेला माणूस दोन इमारतींमधे चालणाऱ्याला विसरला कसा? दुपारी त्या मैदानात आमच्या गटाखेरीज चिटपाखरू नव्हतं. पलीकडं ‘उघडा हात’ उभा, कॉर्बुझिएंचं शिल्प. 26 मीटर उंच, वाऱ्यानं फिरणारा. कॉर्बुझिएंच्या डोक्यात तो पहिल्यापासून होता, प्रत्यक्षात उभा राहिला 1985 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. त्या दिवशी वारा पडला होता.

स्वस्तात बघण्यासारखं माझ्या मते सगळ्यांत चांगलं ठिकाण सेक्टर 19 मधलं ले कॉर्बुझिए सेंटर. शहर आखताना ह्याच बैठ्या कचेरीत वास्तुकार बसायचे. तिकीट नाही, गर्दी नाही, पंखे आहेत. सोमवारी बंद असतं तेवढं लक्षात ठेवायचं. तिथले बांधकामाचे फोटो मामांनी एकेक करून बघितले. बांबू-बल्ल्यांच्या परांच्या, उतरत्या फळ्या, आणि त्यावरून डोक्यावर घमेलं घेऊन चढणाऱ्या बायका, घागरा नेसलेल्या. जगातल्या सगळ्यांत आधुनिक म्हटलेल्या इमारतींचं काँक्रीट बायकांच्या डोक्यावरून वर गेलं. एका फोटोत बाईच्या हाताची ठेवण बघून मामा म्हणाले, ‘हिचं घमेलं भरून न्हाई, तीन हिश्शानं हाय. मुकादम बरा असणार.’

कॉर्बुझिए करारानुसार वर्षातून दोनदा यायचे. बाकी वेळ साइटवर होते ते जेनेरे. 1951 मध्ये आले आणि 1965 पर्यंत राहिले. विद्यापीठातलं पाण्यात उभं गांधी भवन त्यांचं, शहरातली कितीतरी सरकारी घरं, शाळा त्यांच्या. सेक्टर 5 मधलं त्यांचं घर आता संग्रहालय आहे. जिनिव्हात वारल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणं अस्थी चंदीगडच्या सुखना तलावात सोडल्या. भारतीय वास्तुकारांची एक तुकडीही त्यांच्या हाताखाली तयार झाली: एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, ऊर्मिला यूली चौधरी. हे सगळं वाचून दाखवल्यावर मामा म्हणाले, ‘मंग बरोबर हाय. आपल्या गावाचा नकाशा काढणारा कधी आलता का बघायला?’ तो आला होता की नाही, मला माहीत नाही. आमच्या गावात त्याचं नाव कुणालाच सांगता येत नाही. आमचा नकाशा लोकांनीच नंतर दुरुस्त केला. रुंद रस्त्याकडं न्हाणीघरं पुढं आली, दारापुढं कट्टे झाले, कुणी लिंब लावला, कुणी गोठा काढला. आता समोरच्या बाईशी ओरडून बोलावं लागत नाही. पुनर्वसनाची पाहणी करायला येणारे ह्याला अतिक्रमण म्हणतात.

जेनेरेंच्या खुर्च्यांचा किस्सा तेवढा सांगते. कचेऱ्यांसाठी सागवानाच्या, वेताच्या, तिरक्या पायांच्या साध्या खुर्च्या त्यांनी केल्या होत्या. जुन्या झाल्यावर त्या भंगारात, लिलावात कवडीमोलानं गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत एकेक लाखोंना विकली जायला लागली. 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं ह्या सामानाच्या विक्रीवर बंदी आणली, तोवर बरंच गेलं होतं. आमच्या शाळेच्या स्टोअररूममधल्या मोडक्या खुर्च्यांकडं मी तेव्हापासून जरा आदरानं बघते.

रॉक गार्डनला सगळेच जातात, आम्हीही गेलो. तिकीट नाममात्र. नेक चंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ते निरीक्षक. 1957 पासून जंगलातल्या राखीव जागेत, कुणाला न सांगता, शहराच्या बांधकामातून निघालेला कचरा गोळा करून त्यांनी आकृत्या उभ्या केल्या. अधिकाऱ्यांना पत्ता लागला तेव्हा नियमानं ते पाडायलाच पाहिजे होतं. 1976 मध्ये लोकांसाठी खुलं केलं. फुटक्या बांगड्यांच्या बायका, कपबशांच्या तुकड्यांची माकडं, सगळं सुंदर आहे. पण मामा अडकले एका भिंतीपाशी. ती गोल-गोल पोत्यांच्या आकाराची होती. ‘ही सिमेंटची पोती हायत. पावसात भिजून आवळलेली.’ गोदामात पाणी शिरलं की पोतं दगड होतं. मुकादम शिव्या देतो आणि ते नाल्यात जातं. इथं वरचं पोतं गळून गेलंय, त्याची घडी आणि शिवण सिमेंटवर उमटून राहिलीय. नेक चंद यांनी ती रचून भिंत केली. मामा तिथून हलेनात. मागं शाळेची सहल खोळंबली.

सुखना तलाव आम्ही संध्याकाळी बघितला. पावसाळी ओढा अडवून 1958 मध्ये केलेला. 2016 मध्ये ज्या लातूरनं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलंय, तिथल्या माणसाला नुसतं बघायला म्हणून ठेवलेलं एवढं पाणी जरा अंगावर येतं. सेक्टर 17 च्या चौकात गाड्यांना बंदी आहे, कारंजं आहे, बसायला भरपूर जागा आहे, फक्त माणसं कमी होती. शहराचं हृदय म्हणून ते आखलं होतं. खरेदी आता मॉलकडं सरकलीय. मला आमची गंजगोलाई आठवली. तीही शंभरेक वर्षांपूर्वी आखलेलीच. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे 16 रस्ते. पण तिथं पाय ठेवायला जागा नसते, आणि बसायला तर नाहीच. दोन्ही मिळून एक चौक कुणी करून दिला तर बरं होईल.

राहता राहिली घरं. सेक्टर 22 हा सगळ्यांत आधी वसलेल्यांपैकी. तिथं जेन ड्रू आणि फ्राय यांनी आखलेल्या विटांच्या ओळी अजून आहेत, पुढं जाळीच्या भिंती, आत छोटं अंगण. सरकारी घरांचे हुद्द्यानुसार 13 प्रकार पाडले होते. वर मंत्री, न्यायाधीश, खाली शिपाई. शिपायाच्या घरालाही दोन खोल्या, व्हरांडा, स्वयंपाकघर, न्हाणी, संडास द्यायचाच, असं ठरलेलं. उत्तरेकडचे कमी आकड्यांचे सेक्टर म्हणजे ऐसपैस बंगले आणि दक्षिणेकडं जाल तशी दाटी. आमच्या गावात सातबाऱ्यावरून घर मिळालं, इथं पगारावरून. मामांनी एका शिपाई-घराच्या विटांची जोडणी बघितली. सत्तर वर्षं झाली तरी सांधा सरळ. ‘गरिबाच्या घराला एवढी मेहनत केलीय,’ म्हणाले. घरातल्या बाईंनी, आपण कोण, भिंत का बघतोय, हे न विचारता पाणी आणून दिलं.

ह्या सगळ्यात कजहेरीची ती खोली एवढी स्वस्त कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. उत्तर शेवटच्या रात्री मिळालं, गेस्ट हाउसच्या मालकाच्या वडिलांकडून. ते गल्लीतच मंजी, म्हणजे बाज, टाकून बसायचे. चंदीगड आखलं ते मोकळ्या माळावर नव्हे. तिथं गावं होती, आंबराया होत्या, शेतं होती. पहिल्या टप्प्यातली गावं पार उठवली. पुढच्या टप्प्यांत काही गावठाणं तशीच ठेवली आणि भोवतीनं सेक्टर आखले: 45 मध्ये बुरैल, 42 मध्ये अटावा, 52 मध्ये कजहेरी. गावठाणाभोवतीच्या हद्दीला तिकडं लाल डोरा म्हणतात. डोऱ्याबाहेर खिडकी केवढी, मजले किती, दर्शनी भाग कसा, सगळे नियम आखीव. डोऱ्याच्या आत ते नियम तितके पोचले नाहीत. शेती सरकारजमा झाली, हातात फक्त घराची जागा राहिली, मग लोकांनी तिच्यावर मजले चढवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. शहरात मजुरी करणारे, परीक्षेला आलेली पोरं, दवाखान्यात पेशंट घेऊन आलेले नातेवाईक आणि आमच्यासारखे कमी पैशांचे पाहुणे, सगळे तिथं. कॉर्बुझिएंचं शहर परवडावं म्हणून आम्ही रोज रात्री त्यांच्या नकाशात न बसलेल्या गल्लीत येऊन झोपत होतो.

म्हाताऱ्यांचं आजोळ पहिल्या टप्प्यात गेलेलं. मामांनी त्यांच्या तोडक्या हिंदीत सांगितलं, ‘हमारा भी पूरा गाँव उठाया.’ ‘सरकार ने?’ ‘पहले भूकंप ने, बाद में सरकार ने.’ मग दोघांचं जमिनीवर आलं, आणि मला तिथं काही काम उरलं नाही. भाव काय मिळाला, किती वर्षांनी मिळाला, कुणाच्या हिश्शाचं कुणी खाल्लं. मधेच अडलं ते मापांवर. ते कनाल आणि मरल्यात बोलत होते, मामा गुंठ्यात. आठ कनालचा एकर, हे कळल्यावर मामांनी बोटांवर धरलं: चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे कनाल पाच गुंठ्यांचा. आणि वीस मरल्यांचा कनाल. मरल्याचे चौरस फूट मी मोबाइलवर काढून दिले, 272 आणि वर थोडे.

‘म्हंजे आमचं अडीचशे फुटाचं घर तुमच्या एका मरल्यात बसून वर जागा उरती की,’ मामा म्हणाले. मी हिंदी केलं.

म्हाताऱ्यांना ते पटेना. एका मरल्यात घर होत नसतं म्हणाले, तुडीची कोठडी होते. तुडी म्हणजे भुसा. त्या घरात मामांनी दोन पोरींची लग्नं केली, आणि मांडव रस्त्यावर घातला, कारण रस्ता तेवढा रुंद होता. हे ऐकून म्हातारे खदखदून हसले, मामाही हसले, आणि म्हाताऱ्यांनी त्यांच्या नातवाला हाक मारून उद्या सकाळची अमृतसरची पहिली बस त्रेचाळीसच्या स्टँडवरून किती वाजता निघते ते बघायला सांगितलं.